शिवारातली शाळा : लेखांक ७
भज्जीतला भूगोल

मागच्या लेखांकात बीदरची लाल आणि काळी माती मुलांच्या हातात दिली होती. आज त्या काळ्या मातीत काय उगवते ते पाहू. त्यासाठी दिवसही आयताच आहे : मार्गशीर्षातली वेळा अमावस्या.

१९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्ये वेगळी झाली, सण मात्र कुणी वाटून घेतला नाही. आजही लातूरपासून भालकी, औराद, बसवकल्याणपर्यंत त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते, पिकावर आंबील शिंपडतात आणि मग पंगतीत शेंगा-पाल्याची भज्जी, उंडे, खीर. मुलांना झाडपाला ओळखायला शिकवायचे तर याहून चांगला वर्ग नाही. अट एकच : भज्जीचे जेवढे सामान शिवारात मिळते, तेवढे मुलांनीच खुडून आणायचे.

सुरुवात तुरीपासून करा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मुलांनी डाळ पाहिलेली असते, झाड नाही. ओल्या शेंगा सोलायला लावा; बोटे चिकट होतात आणि वास दिवसभर जात नाही. तुरीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून पाऊस संपल्यावरही ती तग धरते, हेही इथेच सांगावे.

मग हरभरा. आदल्या संध्याकाळी स्वच्छ पांढरे फडके पिकावर अंथरून ठेवा. पहाटे ते दवाने भिजलेले असते. पिळले की वाटीत आंब उतरते. एक थेंब जिभेवर ठेवताच मुले तोंडे वाकडी करतात. पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते, त्याची ही चव. घाटेअळीला आवर घालायला हेच आम्ल झाडाच्या कामी येते. त्यानंतर एक रोप मुळासकट हलकेच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली, तर जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत असे समजावे.

आता पिकातल्या तणाकडे वळा. पाथरीचे पान तोडले की पांढरा चीक येतो. कोवळी पाने भाकरीबरोबर कच्चीच खातात. गाजरगवत मात्र लांबूनच दाखवा. त्याने अंगाला खाज सुटते.

खुडणे झाले की कोपीसमोर पोते पसरा आणि सगळ्याचे, घरून आणलेल्या डब्यातल्या जिनसांसकट, तीन ढीग करायला सांगा. पहिला इथल्याच भूमीत जन्मलेल्यांचा : तूर, तीळ आणि पाथरी. त्यात मूठभर मूग आणि कुळीथही ठेवा. बळ्ळारीजवळच्या सांगनकल्लूला नवाश्मयुगीन वस्तीत त्यांचे जळके दाणे सापडले आहेत. दुसरा ढीग लांबून येऊन रुळलेल्यांचा : ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेची, हरभरा आणि वाटाणा पश्चिम आशियातले, मिरची आणि भुईमूग अमेरिकेतले. तिसरा ढीग आगंतुकांचा; तो मात्र हात न लावता, चिठ्ठीवर नाव लिहूनच करायचा. गाजरगवत मूळचे अमेरिकेतले. पुण्यात ते १९५० च्या दशकात लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले.

इथे मुले हमखास अडतात. ज्वारी आपली नाही? हा प्रश्न दडपू नका. हजारो वर्षे इथल्या शेतकऱ्याने बी राखून तिला या मातीची, या पावसाची केली. गाजरगवताने मात्र गुरांच्या चाऱ्याचीच जागा बळकावली. झाड कुठून आले यापेक्षा आल्यावर त्याने शिवाराशी कसे जमवले, हे पाहायला मूल शिकले की धडा पूर्ण झाला. तिसरा ढीग सोडून बाकीचे चुलीकडे पाठवायला हरकत नाही.

घरचा अभ्यास : तुमच्या भज्जीतल्या प्रत्येक जिनसाचे मूळ गाव आजीला विचारा, मग पुस्तकात पडताळा. दोन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहा.

(पुढील लेखांकात : बांधावरची झाडे – पळस, शमी, बाभूळ)