षट्कोन आत की बाहेर?

तंत्रनिकेतनात शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी परवा घरी आला आणि संगणकावर ऑटोकॅडमध्ये नटाची आकृती काढून दाखवू लागला. कंपासपेटी नको, पेन्सिलीला टोक करणे नको! बाजू सहा, हा मध्यबिंदू, एवढे सांगितले की षट्कोन सिद्ध. मात्र तत्पूर्वी यंत्र विचारते: षट्कोन वर्तुळाच्या आत की बाहेर? त्याने ‘आत’ निवडून १५ मि.मी. त्रिज्या दिली.

आकृती सुबक आली, पण २० मि.मी. बोल्टाच्या नटाच्या समोरासमोरील सपाट बाजूंत ३० मि.मी. अंतर लागते; येथे ते जेमतेम २६ भरले. पाना त्यावर नुसताच फिरला असता. आतल्या षट्कोनाचे कोपरे वर्तुळावर टेकतात, बाहेरच्याच्या बाजू वर्तुळाला स्पर्श करतात, हे त्याला मीच शिकविले होते, बहुधा गुणांपुरतेच.

१९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’वर प्रबंध लिहिला. त्यातही षट्कोनाचे उदाहरण आहे: प्रकाशलेखणीने वेडीवाकडी षट्भुज आकृती काढायची, मग कोपरे वर्तुळावर आणि बाजू समान असाव्यात असे यंत्रास सांगावयाचे. म्हणजे व्याख्या माणसानेच पुरवायची!

मुलाने आकृती पुसून ‘बाहेर’ निवडले. अंतर ३० भरले. मग म्हणाला, “सर, कर्कटक आहे का? कागदावर काढून पाहतो.”