जीन्स आटली की मी वाढलो?

आमच्या टीमला आठवड्यातून तीन दिवस महापेच्या ऑफिसला या असं फर्मान निघालं आणि पहिल्याच सोमवारी माझ्या जीन्सचं बटण लागेना. श्वास आत ओढून, पलंगावर आडवं पडून, सगळं करून झालं. शेवटी ट्रॅक पँटवर कॉल घेतला आणि ‘आज घरूनच’ असा मेसेज टाकला.

आई म्हणाली, “कितीदा सांगितलं, मशीनमध्ये गरम पाण्यावर टाकू नकोस. आटली ती.”

मला हे उत्तर फार आवडलं, कारण दुसरं उत्तर मला नको होतं. बाबांना ३२व्या वर्षी डायबेटिस निघाला. मी २८चा आहे, दिवसातले दहा तास खुर्चीत असतो आणि वजनकाट्यावर शेवटचा कधी उभा राहिलो ते आठवत नाही. त्यापेक्षा जीन्स आटलेली बरी.

संध्याकाळी ती घेऊन घणसोलीतल्या आमच्या नाक्यावरच्या टेलरकाकांकडे गेलो. त्यांनी कमरपट्टा उलटून बघितला. “दादा, जीन्सला आत माया नसते, सोडणार काय? आणि जीन्स लांबीला आटते. कमरेला आटली तरी घातली की परत सैल होते.”

म्हणजे आई एक म्हणते, टेलरकाका दुसरं. आता नेमकं काय होतं ते बघू.

कापूस म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाणी प्रचंड आवडतं. पाण्यात पडल्यावर कापसाचा तंतू फुगतो, पण लांबीला नाही, जाडीला. लांबी जेमतेम एखादा टक्का वाढते, जाडी मात्र साधारण वीस टक्क्यांपर्यंत. मग तंतू जाड झाला तर कापड लहान का व्हावं?

पावसात भिजलेली सुती दोरी आठवा. ओली झाली की ती आखडते, आणि तिची गाठ काही केल्या सुटत नाही. दोरी म्हणजे पीळ घातलेलं सूत. सूत फुगलं की पिळातल्या प्रत्येक तंतूला जास्त जाड गाभ्याभोवती वळसा घालावा लागतो. तंतूची लांबी तर तेवढीच आहे. वळशात जास्त लांबी खर्च झाली की दोरीच्या वाट्याला कमी उरते.

जीन्समध्ये हा वळसा दोनदा येतो. एक सुताच्या पिळात, दुसरा विणीत. डेनिमच्या नेहमीच्या विणीत उभा निळा धागा तीन आडव्या पांढऱ्या धाग्यांवरून जातो आणि चौथ्याखालून. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी दिसते. आडवे धागे फुगले की उभ्या धाग्याला त्यांच्यावरून जाताना मोठा घाट चढावा लागतो. रस्त्याची लांबी तीच, पण घाट वाढले की दोन गावांमधलं सरळ अंतर कमीच ठेवावं लागणार. कापड उभ्या दिशेने आखडतं ते असं.

यात मागावरचा ताणही मिसळलेला असतो. विणताना उभे धागे खेचून धरलेले असतात, त्याआधी निळीत रंगवताना आणि खळ देतानाही. तो ताण कापडात अडकून राहतो. पहिल्यांदा पाणी लागलं की धागे मोकळे होतात आणि आपल्या खऱ्या लांबीवर येतात. त्यामुळे सगळ्यात जास्त आटणं पहिल्या एक-दोन धुण्यांत होतं. यासाठी गरम पाणी लागतंच असं नाही, गार पाण्यातही बहुतेक काम होतं. गरम पाणी आणि ड्रमची आपटाआपटी ते जास्त लवकर आणि जास्त पूर्ण करतात, एवढंच. (आईला हे अजून सांगितलेलं नाही.)

वाळल्यावर तंतू परत बारीक होतो, मग कापड परत लांब का होत नाही? कारण धागे सरकून नव्या जागी बसलेले असतात आणि घर्षण त्यांना तिथेच धरून ठेवतं. शिवाय सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध असतात. पाण्याने ते सुटतात, वाळताना नव्या ठिकाणी जुळतात आणि नवा आकार पक्का करतात. पाणी शिंपडून इस्त्री केल्यावर घडी बसते, तीही याच बंधांमुळे.

आता प्रश्न असा की दुकानातल्या बहुतेक जीन्स एवढ्या आटत का नाहीत? कारण गिरणीतच त्यांना आधी आटवलेलं असतं. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३०च्या सुमारास यासाठी यंत्र काढलं. ओलसर कापड रबराच्या जाड पट्ट्यावर ठेवून गरम सिलिंडरवरून नेतात. वळणावर पट्ट्याची बाहेरची बाजू ताणलेली असते, वळण संपलं की ती आखडते आणि तिला चिकटलेलं कापडही सोबत आखडतं. या प्रक्रियेला त्यांच्याच नावावरून सॅनफोरायझिंग म्हणतात. ती न केलेलं डेनिम सात-आठ टक्केही आटू शकतं, केलेलं दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहतं. याशिवाय शिवून झालेली जीन्स विकण्याआधी धुतात, ते वेगळंच. इथून जवळचं उदाहरण उल्हासनगरचं. तिथल्या जीन्सच्या धुलाईचं सांडपाणी वालधुनी नदीला किती महागात पडलं, हे त्या बाजूच्या लोकांना सांगायला नको.

जाता जाता: जाड सुती कापडाशी आपलं नातं जुनं आहे. वाशीहून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरलं की शेजारी डोंगरी. तिथल्या जाड्याभरड्या कापडाला डोंगरीवरूनच नाव पडलं आणि इंग्रजांनी त्याचं डंगरी केलं. आजची लहान मुलांची डंगरी तीच.

परत बटणाकडे. माझ्या नशिबाने ती जीन्स ‘एकावर एक फ्री’मध्ये घेतली होती. एकाच मापाची दुसरी जीन्स टॅगसकट कपाटात होती. ९८ टक्के कापूस, २ टक्के इलास्टेन. मी तिच्या पायावर उभ्या दिशेने बरोबर ५० सेंमी अंतरावर दोन खुणा केल्या, पांढऱ्या दोऱ्याचे टाके घालून. प्रयोगशाळेतही साधारण असंच करतात: खुणा करा, धुवा, वाळवा, परत मोजा. तिथे कापड २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मगच मोजतात, कारण कापूस हवेतलंही पाणी धरतो. नवी मुंबईच्या जुलैत हे कुठून आणायचं? मी प्रत्येक वेळी रात्रभर बंद खोलीत पंख्याखाली ठेवून मोजलं. त्यामुळे आकडे घरगुती समजा.

पहिल्या धुण्यानंतर ५०चे ४९.२ झाले, दुसऱ्यानंतर ४९, तिसऱ्यानंतर ४९च. कमरपट्टा ८८ वरून ८६.५ वर आला. म्हणजे कंबरही आटते, आईचं बरोबर. पण मग धाकट्या भावाने ती दिवसभर कॉलेजला घातली, आणि रात्री कमरपट्टा ८८.५! पायावरच्या खुणा मात्र ४९वरच. टेलरकाकांचंही बरोबर.

कारण साधं आहे. उठता-बसता पोट कमरपट्ट्याला सतत बाहेर ढकलतं. अंगाची ऊब आणि घाम बंध थोडे ढिले करतात, धागे हळूहळू सरकतात. गुडघ्यावर फुगा येतो तोही असाच. पायाच्या लांबीला मात्र खाली खेचणारं कोणी नसतं, त्यामुळे तिथे गेलेलं परत येत नाही. लांबी वाचवायची असेल तर जीन्स ओली असतानाच शिवणीच्या दिशेने हाताने ताणा आणि कमरेला चिमटे लावून उभी टांगा. पाण्याचं वजन उरलेलं काम करतं.

इलास्टेनचं गणित थोडं वेगळं. तो रबरासारखा धागा सुताच्या गाभ्यात असतो. ताणला की परत येतो, म्हणून अशी जीन्स धुतल्यावर घट्ट वाटते. पण उष्णता आणि क्लोरीनच्या ब्लीचने तो खराब होतो. एकदा तुटला की कितीही धुवा, गुडघ्याचा फुगा जात नाही. गरम पाण्याबद्दल आईचं म्हणणं इथे खरं लागू पडतं.

मग जुनी जीन्स मोजली. कोऱ्या जोडीच्या मूळ मापापेक्षा तिचे पाय दीड सेंमीने आखूड निघाले. आणि कमरपट्टा ८९. म्हणजे ती आटलेली नाहीच, उलट एक सेंमी सैल झालीय!

खरं तर पहिल्याच दिवशी कोरी जीन्स स्वतः घालून बघितली असती तर पाच सेकंदांत उत्तर मिळालं असतं. तीन आठवडे टाके घालून मोजत बसलो, पण तेवढं केलं नाही. शेवटी काल घातली. भाऊ दिवसभर घालून आल्यावर, ८८.५ असताना.

बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं.

आज सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आलो, एचबीएवनसीसकट. रिपोर्ट उद्या येईल. कोरी जीन्स भावाला दिलीय, पाय त्याला थोडे आखूड होतात म्हणून तो कुरकुरतोय. जुनी माझ्याकडेच आहे, आतून मोजपट्टी पिन करून.