नवा चष्मा : सवय कोणती आणि चूक कोणती?

नवा चष्मा लावताच जमीन उंच-सखल भासणे, पायरीचा अंदाज चुकणे किंवा डोके जड होणे हा अनुभव अनेकांना येतो. त्यामुळे काही जण चष्मा कपाटात ठेवून देतात, तर काही जण सवय होईल या आशेवर चुकीच्या नंबराचा त्रास महिनोन्‌महिने सोसतात. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी सवयीचा त्रास आणि चुकीचा त्रास यांतील भेद ओळखणे आवश्यक आहे.

चष्म्याचे भिंग प्रतिमा स्पष्ट करते, त्याचबरोबर तिचा आकारही बदलते. मायनस नंबराच्या भिंगातून वस्तू किंचित लहान, तर प्लस नंबराच्या भिंगातून मोठ्या दिसतात. दृष्टिवैषम्यासाठीच्या सिलिंड्रिकल नंबरामुळे सरळ रेषा कललेल्या भासू शकतात. या बदलाशी जुळवून घेण्यास मेंदूला सर्वसाधारणपणे काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतचा अवधी लागतो. हा त्रास दिवसागणिक कमी होत जातो, हीच त्याची मुख्य खूण होय. या काळात चष्मा सातत्याने वापरावा. मात्र अंतराचा अंदाज येईपर्यंत वाहन चालविणे टाळावे.

चाळिशी लागलेल्यांना दुहेरी नंबराच्या चष्म्याची सवय होण्यास अधिक वेळ लागू शकतो. अशा भिंगाचा खालचा भाग वाचनासाठी असल्याने त्यातून पाहिल्यास पायऱ्या अस्पष्ट दिसतात. त्यामुळे जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन भिंगाच्या वरच्या भागातून पाहावे आणि कठड्याचा आधार घ्यावा. वृद्धांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते. प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या कडांकडील भागातून अस्पष्ट दिसणे हा त्याच्या रचनेचाच परिणाम आहे; त्यासाठी केवळ नजर न वळविता मान वळविणे इष्ट होय.

दोन आठवड्यांनंतरही त्रास कायम राहिल्यास अथवा तो वाढत गेल्यास मात्र चूक शोधणे क्रमप्राप्त आहे. ही चूक तपासणीत, भिंग तयार करताना किंवा चौकट बसविताना होऊ शकते.

तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता आली म्हणजे नंबर अचूक आहे, असे मानणे योग्य नव्हे. तरुण वयात डोळ्यातील नैसर्गिक भिंग लवचिक असल्याने आवश्यकतेपेक्षा जास्त मायनस नंबर दिला गेला तरी दूरचे स्पष्ट दिसते. परंतु वाचनाच्या वेळी डोळ्यांवर ताण येऊन डोके दुखते. सिलिंड्रिकल नंबराचा कोनही तितकाच महत्त्वाचा आहे. तो ३० अंशांनी चुकल्यास मूळ दोषाइतकाच दोष शिल्लक राहतो. भिंगाचा मध्यबिंदू बाहुलीसमोर न आल्यास नंबर बरोबर असूनही डोळे ओढल्यासारखे वाटतात किंवा वस्तू दुहेरी दिसतात. नंबर जितका मोठा, तितका या चुकीचा परिणाम अधिक असतो. याउलट, नाकावरून घसरणारी किंवा एका बाजूला कललेली चौकट केवळ नीट बसवून घेतल्यानेही तक्रार दूर होऊ शकते.

चुकीचा प्राथमिक अंदाज घरीच घेता येतो. एकेक डोळा झाकून दूरच्या पाटीवरील अक्षरे आणि हातातील वर्तमानपत्र वाचून पाहावे. एकाच डोळ्याने अस्पष्ट दिसत असल्यास त्या बाजूच्या भिंगाची तपासणी आधी करून घ्यावी. चष्म्याच्या दुकानातील लेन्सोमीटर या यंत्राने भिंगाचा प्रत्यक्ष नंबर मोजता येतो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावा. दोन्ही जुळत असल्यास आणि चौकटही नीट बसलेली असल्यास डोळ्यांची फेरतपासणी करून घ्यावी. त्या वेळी जुना चष्माही सोबत न्यावा.

काही वेळा चष्म्यात दोष नसतोच. मधुमेहींमध्ये रक्तातील साखर कमी-जास्त झाल्यास नंबर तात्पुरता बदलतो. म्हणून साखर नियंत्रणात आल्यावरच नवा नंबर काढणे हिताचे असते. उतारवयात नंबर वारंवार बदलत असल्यास मोतीबिंदूची शक्यता तपासावी. परंतु एकाएकी दृष्टी जाणे, डोळ्यांसमोर पडदा आल्यासारखे वाटणे, प्रकाशाचे झोत चमकणे किंवा अचानक दुहेरी दिसू लागणे या लक्षणांचे खापर नव्या चष्म्यावर फोडू नये. अशा वेळी विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

लहान मुले बहुधा तक्रार करीत नाहीत. भारतात १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी आणि गरजूंना मोफत चष्मे यांचा समावेश आहे. तथापि, मिळालेला चष्मा मूल वापरते की नाही, याकडे घरानेच लक्ष द्यावे लागते. मूल चष्म्यावरून पाहत असेल, मान तिरकी करीत असेल किंवा चष्मा वारंवार काढून ठेवत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी चष्मा एकदा तपासून घेणे उचित ठरेल.