मोबाइल पेटंटांचे परवाना करार : 2011 ते 2024

जीएसएम, जीपीआरएस, एज, डब्ल्यूसीडीएमए यांसारखी मानके पाळल्याशिवाय मोबाइल नेटवर्कवर चालत नाही, आणि मानक पाळायचे तर त्यातली पेटंटे टाळता येत नाहीत. त्यामुळे मानके ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेकडे पेटंटधारक हमी देतो, की परवाना वाजवी, रास्त आणि भेदभावरहित अटींवर दिला जाईल. वाजवी म्हणजे किती, हे हमीत लिहिलेले नसते.

दोन्ही बाजूंकडे पेटंटे असली की सौदा देवाणघेवाणीचा होतो. डिसेंबर 2015 मध्ये एरिक्सन आणि ॲपल यांच्यात झालेला सात वर्षांचा करार असाच परस्पर परवान्याचा होता. फरकाची रक्कम ॲपलने द्यायची होती. भारतीय हँडसेट कंपन्यांकडे देण्यासारखे काही नव्हते. एरिक्सनने तर सोनीसोबतच्या मोबाइल कंपनीतला आपला वाटा 2012 मध्येच विकला होता, म्हणजे उलटा दावा करायला तिचा फोनही बाजारात नव्हता. भारतातली बोलणी एकतर्फी झाली त्याचे मूळ इथे आहे.

मार्च 2013 मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्स या भारतीय हँडसेट कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. मायक्रोमॅक्स भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली आणि आयोगाने नोव्हेंबरात चौकशीचा आदेश दिला. पुढे इंटेक्स या दुसऱ्या हँडसेट कंपनीचाही वाद याच दोन दारांत पोहोचला.

महाराष्ट्रातले प्रकरण मुंबईच्या आयबॉलचे. 2011 च्या अखेरीस एरिक्सनचे पहिले पत्र आले, पण गुप्ततेच्या अटींवरून बोलणी रखडली. आयबॉलच्या तक्रारीवरून आयोगाने मे 2015 मध्ये चौकशी लावली खरी. पण 2 सप्टेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीचे हँडसेट आयात करण्यावर आणि विकण्यावर मनाई घातली. तयार माल बाहेरून आणून विकणाऱ्या कंपनीला आयातबंदी किती दिवस परवडणार? आयबॉलने तडजोड करून परवाना घेतला. मायक्रोमॅक्सचा वाद 2018 मध्ये असाच मिटला.

खरा झगडा दर कशावर लावायचा याचा होता. कंपन्यांचे म्हणणे, तंत्र चिपमध्ये आहे, तर रॉयल्टी चिपच्या किमतीवर घ्या. एरिक्सनला ती संपूर्ण फोनच्या निव्वळ विक्री किमतीवर हवी होती. चिप काहीशे रुपयांची आणि फोन हजारोंचा, त्यामुळे हा फरक किरकोळ नव्हे.

तडजोडींमुळे या प्रश्नावर अंतिम निकाल येतच नव्हता. तो 28 मार्च 2024 रोजी एरिक्सन आणि लावा ही हँडसेट कंपनी यांच्यातील प्रकरणात आला. आठपैकी सात पेटंटे वैध ठरली आणि फोनच्या किमतीवर 1.05 टक्के दराने सुमारे 244 कोटी रुपयांची भरपाई ठरली. निव्वळ किंमत 5,000 रुपये धरली, तर एका हँडसेटमागे 52 रुपये 50 पैसे.

आयोगाची वाट तोवर बंद झाली होती. पेटंटधारकाच्या परवान्यांबाबत पेटंट कायदाच लागू होतो, असे सांगून दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये आयोगाची चौकशी रद्द केली. त्याच महिन्यात नोकिया-ओप्पो वादात न्यायालयाने अंतिम निकालाआधीच रक्कम जमा करायला लावली. मग जानेवारी 2024 मध्ये या दोन कंपन्यांनी परस्पर परवान्याचा करार केला. त्याच्या अटी गोपनीय राहिल्या.