साठातला ‘स’ हरवतो तेव्हा

‘हाक मारली की लगेच ओ देतो, मग वर्गात शिकवलेलं कसं ऐकू येत नाही?’ कमी ऐकू येणाऱ्या मुलांबद्दलची ही शंका रास्त आहे. पण तिचं उत्तर मुलाच्या आळसात सापडत नाही, ध्वनीच्या रचनेत सापडतं. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, आणि ते बरेचसे खालच्या कंप्रतेत राहतात. स, त, फ ही व्यंजनं मात्र वरच्या कंप्रतेची आणि क्षीण, आणि अर्थ बहुतेक वेळा त्यांच्यावरच टांगलेला. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो आणि गणित चुकतं. हाकेतले स्वर तेवढे पोचतात, म्हणून मूल वळून बघतं. कान वाहणाऱ्या मुलाचं ऐकणं तर आज एक, उद्या दुसरंच. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत ते निसटू शकतं.

पुढच्या बाकावर बसवा, हा सल्ला चांगलाच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं घटतो. पण शिक्षक फळ्याकडे वळले की ओठ दिसत नाहीत, आणि मागच्या बाकावरून आलेलं उत्तर पुढच्याला कळत नाही. मग श्रवणयंत्र द्यावं? जरूर द्यावं, पण यंत्र आवाजाबरोबर गोंगाटही वाढवतं. शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबल वर असावा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ते कसं साधणार? शिक्षकाच्या गळ्यातला माइक थेट यंत्राला जोडणं, हा त्यावरचा खरा उपाय.

कर्नाटकातल्या हुलसूरसारख्या सीमाभागात अडचण आणखी खोल जाते. निसटलेलं अक्षर मेंदू भाषेच्या सरावावर भरून काढतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा अंदाज मराठीच्या तासाला बांधता येतो. कन्नड नि इंग्रजीच्या तासाला शब्दच अनोळखी, तिथे अंदाज कशावर बांधायचा? मग ‘भाषेत कच्चा’ असा शेरा बसतो आणि कानाकडे कुणाचं लक्ष जात नाही. कायदाही इथे अपुरा पडतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारा’ म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची तूट असलेला. 40 डेसिबलची तूट असलेलं मूल त्या व्याख्येत येत नाही. वर्गात मात्र रोज मागे पडतं. अशा मुलाला ‘ऐकू आलं का?’ असं विचारून उपयोग नाही. काय निसटलं हेच त्याला ठाऊक नसतं, म्हणून ते प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतं. ‘मी काय सांगितलं, ते सांग बघू’ असं विचारावं.