गाडीतील जादा फिटिंग आणि बेफिकीर हात
नुकसान झाल्यास व्यापाऱ्याने काय करावे, कारागिराने काय पाळावे

आमच्या जुन्नर तालुक्यात छोट्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे दुसरे दुकानच होय. बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकाठच्या गावात राहणारा कापडवाला एके दिवशी बेल्ह्याच्या बाजारात, दुसऱ्या दिवशी नारायणगावला, तर कधी ओतूरला व जुन्नरला गाठोडी घेऊन फिरतो. गाडी दोन दिवस बंद पडली तर दोन बाजार बुडतात. लग्नसराई, रमजान किंवा दिवाळीच्या तोंडावर असे घडले तर वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा हातचा जातो. बांगडीवाले, भांडीवाले, फळवाले, गादीवाले या सर्वांची हीच कथा आहे.

असे असताना ही गाडी आपण ज्याच्या हाती विश्वासाने देतो त्याची निवड मात्र घाईघाईत होते. नवी गाडी दारात आली की आठवड्याच्या आत तिच्यात डेक, अँप्लिफायर, सायरनवाले लॉक, मोठा हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा, मोबाइल चार्जर असे काही ना काही बसविले जाते. आमच्या भागात बिबट्याचा वावर असल्याने रात्री बाजारातून परतणारे लोक जास्त उजेडाचे दिवेही लावून घेतात. या वस्तूंची गरज असू शकते. त्यात गैर काही नाही. परंतु त्या बसविणारा हात बेफिकीर असेल तर शेकड्यातली वस्तू हजारोंचे नुकसान करते, आणि कधी जिवावरही बेतते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केरळातील कन्नूर येथे रुग्णालयात निघालेल्या एका जोडप्याच्या गाडीने भर रस्त्यात पेट घेतला. पुढे बसलेले पती व गरोदर पत्नी दोघेही मरण पावले. शॉर्ट सर्किटचा संशय त्या वेळी व्यक्त झाला आणि गाडीत मागाहून केलेल्या फिटिंगचा प्रश्न देशभर चर्चेत आला.

बिघाड नेमका कोठे होतो?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते, तिचा हाताला झटका बसत नाही. त्यामुळे पुष्कळांना ती निरुपद्रवी वाटते. परंतु धोका झटक्याचा नसून उष्णतेचा आहे. बॅटरीची तार गाडीच्या पत्र्याला टेकली तर क्षणात प्रचंड करंट वाहतो आणि तारेवरचे प्लास्टिक वितळून पेटते. यासाठीच फ्यूज असतो. फ्यूज हा डेकच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. खरे पाहता तो तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून बॅटरीवरून नवी तार काढली तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो डेकपाशी बसविला तर मधली सगळी तार उघड्यावर राहिली असे समजावे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणे हा तर आगीला दिलेला परवानाच होय.

दुसरा दोष तारेच्या वाटेचा. इंजिनाच्या बाजूकडून आत तार आणताना पत्र्याच्या भोकात रबराची कडी बसवावी लागते. ती नसेल तर गाडीच्या हादऱ्याने पत्र्याची धार तारेला रोज थोडी थोडी कापत राहते. महिनाभर काही कळत नाही आणि एके दिवशी तार पत्र्याला टेकते.

तिसरा दोष जोडाचा. कंपनीच्या तारेचे आवरण चाकूने खरडायचे, नवी तार पीळ देऊन गुंडाळायची आणि वर टेप लावायची, ही सर्रास पद्धत आहे. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो, पावसाळ्यात जोडाला गंज चढतो, जोड सैल होऊन तापतो. आजच्या गाडीत त्याच तारांमधून संगणकाचे संदेशही जातात. चुकीच्या तारेवर जोड मारला तर इंजिनाचा कंट्रोलर बिघडू शकतो. पिवळ्या आवरणाची तार ही बहुधा एअरबॅगची असते, तिला हात लावू नये. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झालेली आहे, हे फिटिंग करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

चौथा दोष वजनाचा, म्हणजे तारेवर टाकलेल्या बोजाचा. नेहमीचे दोन दिवे अप्परवर मिळून १२० वॅट घेतात, म्हणजे सुमारे १० अँपिअर. त्याच तारांवर १०० वॅटचे दोन दिवे लावले की करंट १७ अँपिअरच्या आसपास जातो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळपास पावणेतीनपट होते. होल्डर वितळतो, स्विच जळतो. असा बोजा टाकायचाच असेल तर रिले आणि वेगळी जाड तार लागते.

पाचवा दोष चोरट्या खर्चाचा. किल्ली काढल्यावरही एखादे यंत्र अर्धा अँपिअर ओढत राहिले तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी जवळजवळ रिकामी होते. लोक बॅटरीवाल्याला दोष देऊन नवी बॅटरी आणतात आणि तीही तशीच उतरते.

एक अनुभव

माझ्या गाठोड्यांच्या गाडीत एका मोठ्या गावच्या दुकानात सायरनचे लॉक बसविले होते. मजुरीसह पैसे रोख दिले आणि पावती घेतली. पंधरवड्यात दोनदा बॅटरी उतरली. पुढे एका सकाळी माल भरून निघताना डॅशबोर्डखालून जळक्या रबराचा वास आला. गाडी बंद केली आणि बॅटरीची ऋण तार सोडून ठेवली, म्हणून माल वाचला. तारांचा झुबका मात्र वितळून एक झाला होता.

दुकानदार म्हणाला, गाडी घेऊन या, दुरुस्त करून देतो. तसे न करता आधी गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये ओढून नेली. जळालेल्या भागाचे फोटो काढले आणि तपासणीचा शेरा लेखी घेतला. शेऱ्यात स्पष्ट होते की नव्या तारेला फ्यूज नव्हता आणि तिथूनच जळण्यास सुरुवात झाली. ती पावती व तो शेरा घेऊन दोन वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांसह दुकानात गेलो. पहिल्यांदा उत्तर मिळाले, गाडीच जुनी आहे. कागद वाचल्यावर सूर बदलला. तारांचा झुबका, वर्कशॉपची मजुरी व ओढून नेण्याचा खर्च त्याने दोन हप्त्यांत दिला. बुडालेल्या बाजाराचे पैसे मात्र मिळाले नाहीत. वाद झाला नाही, शिवीगाळ झाली नाही. काम केले ते कागदाने.

नुकसान झाल्यावर क्रमाने काय करावे?

१) गाडी थांबवा, किल्ली काढा, सर्वांना खाली उतरवा. धूर असेल तर बॉनेट एकदम उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. केवळ वास असेल आणि जवळ जाणे सुरक्षित असेल तर बॅटरीची ऋण तार सोडा.

२) जळालेला भाग जसाच्या तसा ठेवा. फोटो काढा. काढलेल्या तारा व यंत्र टाकून देऊ नका. तोच पुरावा आहे.

३) ज्याने फिटिंग केले त्याच्याच हाती गाडी पुन्हा देण्याअगोदर तिसऱ्या जाणकाराकडून लेखी तपासणी करून घ्या. काय जळले एवढे पुरे नाही. कशामुळे जळले हे त्यात असावे.

४) विमा कंपनीला ताबडतोब कळवा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर आग हे त्यातील जोखमींपैकी एक असते. केवळ विजेचा बिघाड मात्र त्यात धरला जात नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीचे काहीच मिळत नाही. मागाहून बसविलेली यंत्रे व गॅस किट पॉलिसीत नोंदवून वेगळा हप्ता भरावा लागतो. न सांगितलेले फिटिंग दाव्याच्या वेळी अडचणीचे ठरते.

५) दुकानदाराला लेखी मागणी द्या. काय काम, कोणत्या तारखेला, किती पैसे, काय नुकसान, किती भरपाई आणि किती दिवसांत, एवढे पुरे. ती स्पीड पोस्टाने किंवा हातपोच सही घेऊन द्यावी.

६) चार जाणत्या माणसांत बसून तडजोड होत असेल तर जरूर करावी, पण तडजोडही कागदावर असावी.

कायदा काय म्हणतो?

ग्राहकाच्या हक्कासाठी पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्याने निष्काळजी फिटिंग ही सेवेतील त्रुटी ठरते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावयाची. नव्या कायद्यात तक्रारदार जेथे राहतो वा धंदा करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. म्हणजे दुकान मुंबईत असले तरी जुन्नरचा माणूस पुण्यात तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे आणि सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. दोन्ही पक्षांची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो.

येथे व्यापाऱ्यांनी तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की धंद्यासाठी घेतलेली सेवा सामान्यतः या कायद्यात येत नाही. परंतु स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी गाडी वापरणाऱ्यास कायद्याने सूट दिलेली आहे. दुसरी अशी की मोबदला न देता झालेल्या कामाची तक्रार होत नाही. ओळखीचा कारागीर म्हणतो, राहू द्या पैसे, घरचेच आहात. हे प्रेम असते, पण नुकसान झाल्यावर हातात काही उरत नाही. कमी घ्या म्हणावे, पण घ्या म्हणावे. तिसरी अशी की मागूनही पावती न देणे हीच मुळी या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे.

याखेरीज मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. रजिस्ट्रेशनच्या नोंदीहून गाडी वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सीएनजी किट मान्यताप्राप्त असले पाहिजे, ते अधिकृत केंद्रातच बसविले पाहिजे आणि आरसी बुकावर त्याची नोंद झाली पाहिजे. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. घरगुती गॅसचे सिलिंडर लावून मोटार चालविणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय गाडीत बॉम्ब घेऊन फिरण्यासारखे आहे.

कारागीर बांधवांसाठी

आपल्या समाजातील कितीतरी तरुण गॅरेज व वायरिंगच्या कामात आहेत. ते म्हणतील, व्यापाऱ्याची बाजू झाली, आमची कोण मांडणार? त्यांचेही खरे आहे. गिऱ्हाईक स्वस्तातली तार मागते, तासाभरात काम हवे म्हणते आणि गाडीचा प्रत्येक जुना रोग नव्या फिटिंगच्या माथी मारते. यावर उपाय एकच, तो म्हणजे वही. गाडी घेताना दिवे, हॉर्न, बॅटरी तपासून नोंद करा व गिऱ्हाइकाची सही घ्या. कोणती तार, किती अँपिअरचा फ्यूज, कोठे जोड हे पावतीवर लिहा. झाकण लावण्याअगोदर फोटो काढा. किल्ली काढल्यावर किती करंट जातो ते मीटर लावून दाखवा. हलका माल लावण्याचा आग्रह झाला तर काम सोडा. अशी वही ठेवणाऱ्यावर खोटा आळ टिकत नाही.

जबाबदारीचा हा विचार आपल्याला नवा नाही. शिंप्याने कापड चुकीचे कापले तर कोणी भरावयाचे, धोब्याच्या हातून वस्त्र फाटले तर काय, याचा ऊहापोह फिकहच्या ग्रंथांत शतकानुशतके झालेला आहे. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत, अनेकांची कामे घेणारा कारागीर स्वतःच्या हातून झालेल्या नुकसानीस जबाबदार धरलेला आहे, मग त्यात त्याची बेपर्वाई असो वा नसो. कापडाच्या धंद्यातही आपण पाहतो की चूक कबूल करून कापडाचे दाम देणाऱ्या शिंप्याकडे गिऱ्हाईक पुन्हा जाते. हुज्जत घालणाऱ्याकडे जात नाही.

म्हणून पुढच्या वेळी गाडीत काही बसवायचे ठरले तर व्यापाऱ्याने भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. फ्यूज कोठे बसविणार? तार कोठून नेणार? पावती देणार का? ज्या कारागिराकडे या तिन्हींचे सरळ उत्तर आहे त्याला दोन पैसे जास्त देण्यास कोणी कचरू नये.