चहावाल्याचे पैसे दिले, चित्रवालीचे?

लिलाव म्हटलं की आपल्या पोटात आधी गोळाच येतो. जप्ती, बँकेची नोटीस, वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती, तारण ठेवलेल्या आणि सोडवता न आलेल्या पाटल्या. पण लिलावाचं एक हसरं रूपही आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सार्वजनिक गणपतीच्या मांडवात देवापुढच्या नारळाचा, फळांच्या परडीचा लिलाव होतो ना, तो. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा नारळ पाचशेला जातो. घेणारा खूश, मंडळ खूश. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्या शेजारच्या वहिनीसुद्धा तिथे हात वर करतात. कारण नारळ हे निमित्त असतं, पैसे चांगल्या कामाला द्यायचे असतात.

आपल्या उपनगरांतही चित्रांचे असे लिलाव होतात. भव्य नव्हे, घरगुती. महिला मंडळ, रोटरी, शाळेचा पालक संघ, एखादी सोसायटी. हेतू चांगलाच असतो. आणि चित्रं? ती बहुतेक वेळा वारली असतात. दिवाणखान्यात शोभतात, परवडतात, आणि ‘आपली’ वाटतात. पण नारळ आणि चित्र यांत एक मोठा फरक आहे. नारळ कुणीतरी दुकानातून पैसे देऊन आणलेला असतो. चित्र कुणीतरी दिवसचे दिवस खाली मान घालून काढलेलं असतं.

हे सगळं डोक्यात आलं ते बोरिवली पूर्वेच्या एका मंडळाच्या बैठकीत. मी पाहुणी म्हणून गेले होते. आदिवासी मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभा करायचा, त्यासाठी डोंगरभागातल्या चित्रकारांच्या चित्रांचा लिलाव ठेवायचा, असं ठरत होतं. खर्चाचा कागद फिरत फिरत माझ्या हातात आला. हॉलचं भाडं, माइक, खुर्च्या, फ्रेमवाला, चहा-बटाटेवडा, पाहुण्यांना पुष्पगुच्छ. प्रत्येकापुढे आकडा. सगळ्यात शेवटी ‘चित्रे’, आणि त्यापुढे आकड्याच्या जागी ‘देणगी’.

‘‘त्यांना फुकटच द्यायची आहेत का चित्रं?’’ मी विचारलं.

‘‘अहो, त्यांना केवढं एक्स्पोजर मिळेल!’’ एक ताई उत्साहाने म्हणाल्या.

कोपऱ्यात बसलेल्या, सत्तरीच्या पुढच्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘मग वडेवाल्यालाही एक्स्पोजरच देऊ या की.’’

सगळ्या हसल्या. पण काकूंनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. त्या संध्याकाळी ज्या-ज्या हातांनी काम केलं त्या सगळ्यांना मोबदला मिळणार होता. ज्या वस्तूसाठी लोक जमणार, तिच्या निर्मात्यांना सोडून. म्हणजे त्या समारंभातले सर्वात मोठे देणगीदार हे चित्रकारच. तरी व्यासपीठावर खुर्ची मात्र पाच हजारांचा चेक देणाऱ्या साहेबांना.

आता ‘डोंगरातले चित्रकार’ म्हणजे कुठले? आपल्याला वाटतं, कुठले तरी लांबचे. बोरिवली स्टेशनवरून राष्ट्रीय उद्यानाच्या दारापर्यंत चालत जाता येतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल एका बाजूला बोरिवलीला, दुसऱ्या बाजूला मुलुंडला आणि ठाण्याच्या येऊरला टेकलेलं. त्याच्या आत वारली पाडे आहेत. खाली गोरेगावच्या आरे वसाहतीत २७ पाडे मोजले जातात. वाघोबाला पुजणारी ही माणसं आपल्या सोसायट्यांच्या कितीतरी आधीची. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली, तेव्हा पुष्कळ मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की इथे आदिवासी राहतात! आणि उरलेले चित्रकार डहाणू, तलासरी, जव्हारकडचे. तेही लांब नाहीत. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते, ती बोरिवलीवरूनच.

या चित्रांची गोष्ट बायकांनी तर मुद्दाम माहीत करून घ्यायला हवी. कारण ही कला मुळात बायकांची. वारल्यांच्या घरात लग्न ठरलं की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने लग्नाचा चौक लिहितात. हो, ‘लिहितात’. चौकाच्या मधोमध पालघट देवी, शेजारी घोड्यावरच्या देवांचा देवचौक. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्न लावणारी पुरोहितही बाईच, धवलेरी. ती गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न पुरं होत नाही. बाईने लिहिलेलं चित्र आणि बाईने म्हटलेले मंत्र! आपल्याकडे बायकांनी पौरोहित्य करावं की नाही यावर केवढे वाद झडले. त्या पाड्यांवर हा प्रश्नच नव्हता.

मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे कलावंत त्या भागात गेले आणि भिंतीवरची ही कला कागदावर आणण्याची खटपट त्यांनी केली. त्यातून पुढे आले गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लग्नाच्या चौकाबाहेर पडून त्यांनी रोजचं जगणं रंगवलं: मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारूळं, तारप्याभोवती गोल फिरणारी माणसं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधल्या गाजलेल्या प्रदर्शनात चित्रं, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांची चित्रं जवळून पाहिली तर त्या बारीक रेघांचं चक्क भय वाटतं, इतका संयम! त्यांच्या मोठेपणाबद्दल शंकाच नाही. पण कला भिंतीवरून कागदावर आली, कागदाला किंमत आली, आणि कागदावरची सही बहुतेक करून पुरुषाची झाली, हेही खरंच. घराघरात बायका आजही चित्रं काढतात. पार्श्वभूमी सारवायची, जाळीकाम भरायचं, झाडाची पानं पान-पान करून काढायची. सही मात्र ‘घरधन्याची’. (आपल्या घरातल्या फ्लॅटच्या कागदांवर कुणाचं नाव आहे, हेही जाता जाता आठवून पाहा.)

असो. लिलावाकडे येते. फुकट चित्र घेण्याने नुसते चित्राचे पैसे बुडत नाहीत. आणखीही नुकसान होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मी असा एक लिलाव पाहिला आहे. सुरुवातीची बोली ठरवलेलीच नव्हती. पहिली दोन चित्रं बरी गेली. मग वड्यांचा वास आला, लोक चुळबुळ करू लागले, आणि हातभर लांबीचं, बारीक कामाचं एक चित्र सहाशे रुपयांत ‘तीन वार’ झालं. टाळ्या झाल्या. चित्र काढणारी बाई मागच्या रांगेत बसलेली. तेवढंच चित्र ती एरवी प्रदर्शनात चार हजारांना विकते, असं तिने नंतर सांगितलं. उद्या त्या हॉलमधलं कुणी तिच्या स्टॉलवर आलं, तर चार हजार कशाला देईल? लिलावात किंमत चारचौघांत जाहीर होते. तीच तिची ताकद आणि तोच तिचा धोका. म्हणून मोठ्या लिलावांत राखीव किंमत ठरलेली असते. तेवढी बोली आली नाही तर चित्र विकतच नाहीत, परत नेतात. घरगुती लिलावात हे करायला एक रुपयाही लागत नाही. चित्रकाराला विचारून आकडा लिहायचा, एवढंच.

दुसरी बाब कराची. आपण देणगी दिली की ८०-जीची पावती मागतो. चित्रकाराने चित्र दिलं तर? ही सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या देणगीला नाही. म्हणजे साहेबांच्या पाच हजारांच्या चेकला पावती मिळू शकते, आणि बाईच्या पंधरा दिवसांच्या मेहनतीला नारळ आणि शाल.

तिसरी, हक्काची. चित्र विकत घेतलं म्हणजे ते पडद्यावर, साडीवर, दिवाळीच्या भेटकार्डावर छापायचा हक्क मिळाला असं नव्हे. वेगळं लिहून दिलेलं नसेल तर तो हक्क चित्रकाराकडेच राहतो. एवढंच काय, १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइटच्या कायद्यात असंही कलम आलं की मूळ चित्र पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. किती चित्रकारांना हे कुणी सांगितलं असेल?

धर्मादाय लिलाव वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. एक उदाहरण तर अलीकडचंच आहे. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. ते नॉर्वेच्या एका डॉक्टरांनी दिल्लीत असताना घेतलं होतं आणि पुढे ऑस्लोच्या इस्पितळाला देऊन टाकलं. लिलावाचे पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी. इथे दान कुणी केलं? ज्याने चित्र आधी पैसे मोजून घेतलं होतं, त्याने. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. चित्रकाराकडून विकत घ्या, आणि मग मनाला येईल तेवढं दान करा. आपल्या खिशातून केलं तर ते दान.

त्या बैठकीत काकूंच्या वड्यांमुळे चर्चा लांबली. एका ताईंचा मुद्दा रास्त होता: ‘‘चित्रकारांना पैसे दिले तर मुलींसाठी उरणार काय?’’ त्यावर पाटीपेन्सिल घेऊन हिशेब झाला. ठरलं असं, की प्रत्येक चित्राची किंमत चित्रकाराने सांगायची, तीच सुरुवातीची बोली, आणि ती रक्कम चित्रकाराची. त्याच्या वर जे येईल ते निधीला. पुष्पगुच्छ रद्द. फ्रेमही रद्द, चित्रं कापडावर होती, वर-खाली काठ्या लावून लटकवली तरी छान दिसतात. मुलींच्या वाट्याला मूळ अंदाजापेक्षा थोडं कमी आलं, हे खरं. पण त्या मुलींपैकी काही जणींच्या घरी चित्रंच काढतात, हे कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर ती तक्रारही मागे पडली.

लिलावाच्या दिवशी प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी होती: नाव, पाडा, चित्र काढायला लागलेले दिवस. दिवसांचा आकडा वाचून लोक पुन्हा चित्राकडे बघत होते. एका चित्राखाली दोन नावं होती, नवरा आणि बायको. ती दोघं डहाणूहून सकाळच्या गाडीने आली होती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा खजिनदार वहिनींनी चेकबुक उघडलं आणि पेन तसंच धरून विचारलं, ‘‘नाव कुणाचं घालू?’’

नवरा म्हणाला, ‘‘घाला कुणाचंबी.’’

बाईने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावरच्या नावावर बोट ठेवलं. वहिनींनी एकेक अक्षर ताडून पाहत ते चेकवर उतरवलं.